बूश फेर्मे

तिसऱ्या पानावर, पाच रेघांच्या वर
तिरक्या अक्षरांत दोन शब्द छापलेले.
आम्ही त्यांना वर्षानुवर्षं ‘बाऊच फर्मी’ म्हणत आलो.
आधीच्या कुण्या फादरनं बोटीनं आणलेली वही,
विचारणार कोणाला.
तेवढा भाग आला की ऑर्गन एकटाच वाजायचा
आणि आम्ही मंगळवारी बाजारातले भाव बोलायचो, हळू.

मग सदरच्या चर्चमध्ये नवी मास्तरीण आली,
इव्हँजेलिन सोनटक्के, पाँडिचेरीला शिकलेली.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली:
बूश फेर्मे. बूश म्हणजे तोंड, फेर्मे म्हणजे बंद.
इथे शब्द नाहीत,
म्हणून तुम्हाला वाटलं, गाणंच नाही.

मी तेव्हा तिथं नव्हतो.
हे फिलेमोन तिरपुडेनं सांगितलं,
छावणीतल्या पानठेल्यावर,
पन्नीत खर्रा घोटता घोटता.

मी सोडलं होतं. खर्रा नाही, गाणं.
खर्रा नंतर सुटला,
डॉक्टरनं ‘दोन बोटं उभी घाला पाहू तोंडात’ म्हटल्यावर.
दीड गेलं.
डेंटल कॉलेजच्या कागदावर आलं: बावीस मिलिमीटर.

अंबाझरीच्या कारखान्यात मी
व्हर्निअर घेऊन बसलो सत्तावीस वर्षं,
अर्ध्या मिलिमीटरसाठी माल परत पाठवला.
बावीस म्हणजे काय, मला कोणी समजवायला नको.
बावीस म्हणजे संत्र्याची फोड आडवी जाते,
उभी नाही.
बावीस म्हणजे हालेलूयातला ‘हा’
दातांच्या आतच फिरत राहतो,
आणि टेनरच्या रांगेत मी
अर्ध्यावर अडकलेलं शटर.
एका नाताळानंतर फाईल परत केली.
कोणी विचारलंच तर, घसा बसला बाप्पा.

ती घरी आली मे महिन्यात, दुपारी तीनला,
जेव्हा आमच्या गल्लीत कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.
पाणी प्याली. कूलरकडे बोट केलं.
हा कोणता सूर?
सूर कसला मॅडम, पंप घरघरून राहिला.
बी फ्लॅट, म्हणाली, केसभर खाली. यालाच धरा.
ओठ मिटा, पण दात सुटे.
जीभ खाली, जसा गरम तर्रीपोह्याचा घास
तोंडात घेतला आणि चटका बसला म्हणून थांबलात.
आवाज नाकात नको.
वर, कपाळाच्या हाडात.

मी म्हटलं, दात सुटत नाहीत माझे.
किती सुटतात?
बावीस.
इथं चार लागतात, म्हणाली.

शलोमीनं आतून विचारलं,
कूलरमधलं पाणी संपलं काय हो?
आम्ही दोघंही उत्तर देऊ शकलो नाही,
तोंड बंद होतं.

मला मग आठवलं, हे मी करत आलोय.
लेथच्या गोंगाटात, गेज हातात,
ओठ घट्ट, आत पूर्ण स्तोत्र पहिल्यापासून,
आणि सुपरवायझरला पत्ता नाही.
फक्त त्याला नाव असतं हे ठाऊक नव्हतं,
तेही फ्रेंच.

आता गुरुवारी जातो.
तिसरं पान येतं. चौदा जणं ओठ मिटतात.
पहिल्या बाकावरचं पोरगं आधी पंख्याकडे पाहतं,
मग ऑर्गनकडे,
मग एकेकाच्या तोंडाकडे, चोर शोधावा तसं.
माझ्यावरून नजर पुढं जाते.
मी बाकीच्यांसारखाच दिसतो.

चौथ्या पानावर शब्द येतात.
बाकीचे उघडतात, मी फिलेमोनचं पान उलटून देतो.
त्याचं अजून साडेतीन बोटं उघडतं.
मागच्या महिन्यात पावणेचार होतं.
मी शेजारी उभा असतो,
दर गुरुवारी मोजत.